इन्यो काउंटी : पाणी गेलेल्या खोऱ्याची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, नेवाडाच्या सीमेला लागून असलेली इन्यो काउंटी क्षेत्रफळाने राज्यात दुसऱ्या क्रमांकाची आहे. सुमारे २६,४०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात २०२० च्या जनगणनेनुसार अवघे १९,०१६ लोक राहतात, म्हणजे चौरस किलोमीटरमागे सरासरी एक माणूसही नाही. नगरपालिका असलेले शहर एकच, बिशप, आणि त्याची वस्ती चार हजारांच्या आत. काउंटीचे मुख्यालय असलेले इंडिपेन्डन्स तर खेडेच म्हणावे लागेल. वाळवंट आहे म्हणून माणसे नाहीत, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. या वाळवंटातून एक बारमाही नदी वाहत होती आणि तिच्या काठी शेती, बागा व गावे होती. आजच्या विरळ वस्तीमागे पाऊस जितका आहे, तितकेच विसाव्या शतकातले जमिनीचे आणि पाण्याचे व्यवहारही आहेत.

भूगोल आधी पाहू. पश्चिमेला सिएरा नेवाडा या पर्वतरांगेची भिंत उभी आहे आणि तिच्या कण्यावर ४,४२१ मीटर उंचीचे माउंट व्हिटनी, म्हणजे अलास्का व हवाई वगळता अमेरिकेतील सर्वोच्च शिखर. तेथून सरळ रेषेत सुमारे १३६ किलोमीटरवर, त्याच काउंटीत, डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर खोलगट भाग समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ढग सिएराच्या पश्चिम उतारावरच रिते होतात आणि पूर्वेकडचा सारा प्रदेश पर्जन्यछायेत जातो. डेथ व्हॅलीत वर्षाला सरासरी पाच-सहा सेंटीमीटर पाऊस पडतो. तेथील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले ५६.७ अंश सेल्सिअस तापमान आजही जागतिक विक्रम मानले जाते, जरी काही हवामानतज्ज्ञांनी त्या नोंदीवर शंका घेतली आहे. मात्र सिएराच्या माथ्यावरचा बर्फ वितळून पूर्वेच्या बाजूलाही उतरतो, आणि त्या पाण्यावरच ओवेन्स नदी व तिचे खोरे जगत आले.

या खोऱ्यातील मूळ रहिवासी पायूट लोक. त्यांनी खोऱ्याला दिलेल्या ‘पायाहूनादू’ या नावाचा अर्थच वाहत्या पाण्याची भूमी असा होतो. गोरे वसाहतवाले येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ओढ्यांना बांध घालून, पाट काढून, खाण्याजोगे कंद आणि बिया देणाऱ्या रानवनस्पतींना पाणी देण्याची व्यवस्था उभी केली होती. ‘ओसाड प्रदेश गोऱ्या वसाहतवाल्यांनी फुलवला’ ही समजूत या पाटांपुढे टिकत नाही. १८६१ च्या सुमारास गुराखी आपले कळप घेऊन खोऱ्यात आले, गुरांनी ही कंदांची राने चरून टाकली, आणि १८६१–६२ च्या कडक हिवाळ्यात उपासमार झालेल्या पायूटांनी गुरे मारण्यास सुरुवात केली. त्यातून पेटलेल्या संघर्षात लष्कर उतरले आणि जुलै १८६३ मध्ये सुमारे ९०० पायूटांना पायी हाकत फोर्ट तेहोनला नेण्यात आले. पुढे त्यांतील अनेकजण परतले. पण तोवर त्यांच्याच पाटांच्या काठी दुसऱ्यांची शेते झाली होती आणि पोटासाठी त्यांना तेथे मजुरी करावी लागली.

काउंटी अधिकृतपणे स्थापन झाली १८६६ साली. सेरो गोर्दोची चांदी, डेथ व्हॅलीतील टाकणखार आणि तो वाहणारे वीस खेचरांचे गाडे यांची ख्याती मोठी असली, तरी खाणी थोड्या वर्षांत थंडावल्या. टिकून वाढत होती ती शेतीच.

१९०२ साली केंद्र सरकारने कोरड्या प्रदेशांतील सिंचनासाठी नवा कायदा केला आणि ओवेन्स खोऱ्यात मोठा प्रकल्प होणार, अशी शेतकऱ्यांची खात्री झाली. त्याच काळात लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन खोऱ्यात फिरून जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेत होते. सिंचन खात्यातील अभियंता जोसेफ लिपिनकॉट हे एकीकडे सरकारी पाहणी करत होते आणि दुसरीकडे लॉस एंजेलिस शहराला सल्ला देऊन मोबदला घेत होते. १९०५ मध्ये खोऱ्याचे पाणी लॉस एंजेलिसला नेण्याचा शहराचा बेत उघड झाला तेव्हा मोक्याच्या बऱ्याच जमिनी हातातून गेल्या होत्या. सरकारी प्रकल्प गुंडाळला गेला. इतकेच नव्हे, तर खोऱ्यात नव्या शेतकऱ्यांनी जमिनीवर दावा सांगू नये म्हणून झाडे नसलेला भागही राखीव जंगलाच्या हद्दीत घातला गेला. शहराच्या पाणी खात्याचे मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड यांच्या देखरेखीखाली बांधलेला ३७५ किलोमीटरचा जलवाहक कालवा ५ नोव्हेंबर १९१३ रोजी खुला झाला. एकही पंप न लावता केवळ उताराने पाणी एवढ्या लांब नेणारे ते अभियांत्रिकीचे मोठे काम होते, हे मान्यच करावे लागते. प्रश्न ते कोणाच्या तोंडचे पाणी होते, हा आहे.

१९२० च्या दशकात दुष्काळ पडला आणि शहराने उरलेली शेतेही घ्यायला सुरुवात केली. मे १९२४ मध्ये कालव्याचा काही भाग सुरुंगाने उडवण्यात आला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला सुमारे सत्तर जणांनी अलाबामा गेट्स ही कालव्याची दारे ताब्यात घेऊन पाणी पुन्हा नदीत सोडले, आणि चार दिवस खोऱ्यातील कुटुंबेच्या कुटुंबे शिदोऱ्या घेऊन तेथे बसली. १९२७ मध्ये प्रतिकाराचे पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंची बँक बुडाली, दोघे अफरातफरीबद्दल तुरुंगात गेले आणि लोकांच्या ठेवींबरोबर लढ्याचे बळही संपले. ओवेन्स सरोवर, ज्याच्यावर १८७० च्या दशकात चांदीच्या विटा वाहणारी आगबोट चालत असे, ते १९२६ पर्यंत कोरडे पडले. १९३३ पर्यंत खोऱ्यातील सुमारे ९५ टक्के शेतजमीन शहराच्या मालकीची झाली होती.

मँझनार या गावाच्या वाट्याला तर दोनदा विस्थापन आले. स्पॅनिश भाषेत सफरचंदाची बाग असा अर्थ असलेले हे गाव १९१० मध्ये वसले, पाणी विकले गेल्यावर ओस पडले, आणि १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानशी लढत असताना, त्याच जागेवर काटेरी तारेच्या कुंपणात जपानी वंशाच्या दहा हजारांवर लोकांना कोंडण्यात आले. त्यांतील बहुतेकजण जन्माने अमेरिकी नागरिक होते. छावणीची लोकसंख्या त्या वेळच्या संपूर्ण काउंटीपेक्षा जास्त होती. कैद्यांनी जुन्या बागांतील उरलेल्या झाडांची छाटणी करून त्यांना पुन्हा फळाला आणले. १९९२ पासून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली जाते.

डेथ व्हॅलीतील टिंबिशा शोशोनी लोकांची कथा पाण्यापेक्षा हद्दीची आहे. १९३३ मध्ये त्यांची भूमी राष्ट्रीय स्मारक ठरली आणि ते स्वतःच्याच घरी आगंतुक ठरले. जमात म्हणून मान्यता १९८३ मध्ये आणि जमिनीचा काही भाग कायद्याने परत २००० साली मिळाला.

आज काउंटीतील दोन टक्क्यांहून कमी जमीन खाजगी मालकीची आहे. बाकी केंद्र सरकार, राज्य आणि लॉस एंजेलिसचे पाणी-वीज खाते यांच्याकडे आहे. त्यामुळे गावाला वाढायचे म्हटले तरी पाय पसरायला जागा नाही. १९७० मध्ये दुसरा कालवा सुरू झाल्यावर भूजलाचा उपसा वाढला, झरे आटले आणि काउंटीने न्यायालयात धाव घेतली. १९९१ च्या करारानंतरही नदीच्या खालच्या सुमारे १०० किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सोडायला डिसेंबर २००६ उजाडला. कोरड्या सरोवरावरून उठणारी खारट धूळ ही देशातील सर्वांत वाईट वायुप्रदूषणांपैकी एक होती, आणि ती बसवण्यासाठी शहराला दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च करावा लागला आहे. पायूटांच्या बाबतीत, १९३० च्या दशकाच्या अखेरीस शहर आणि केंद्र सरकार यांच्यात जमिनींची अदलाबदल होऊन बिशप, बिग पाइन आणि लोन पाइन येथील राखीव वस्त्या आखल्या गेल्या. त्यात जमातींची जितकी जमीन गेली, तिच्या निम्म्याहून कमी बदल्यात आली, आणि पाण्याचे हक्क त्या व्यवहारात धरलेच गेले नाहीत. ते हक्क पायूट आजही मागत आहेत.