घरात फोन चार, नंबर एक

आमच्या साताऱ्याच्या घरी फायबर आलं तेव्हा बसवायला आलेल्या मुलाने टीव्हीखाली डबा लावला, मागच्या फोनच्या भोकात एक फोन खुपसला, डायलटोन ऐकवला आणि गेला. आजी वरच्या मजल्यावर असते, तिला रिंग ऐकूच येत नाही आणि आली तरी जिना उतरेपर्यंत कट. बाबा वैतागले, पूर्वी साध्या तारेवर तीन खोल्यांत तीन फोन एकदम खणखणायचे आणि आता म्हणे इंटरनेट आलंय तर एकच वाजतो, ही कसली प्रगती! प्रश्न बरोबर होता खरं तर, कारण "सगळे फोन एकदम वाजणं" ही जुन्या लाईनवर आणि इंटरनेटवर अगदी वेगळी भानगड आहे, जुन्या लाईनवर रिंग वाटली जाते आणि इंटरनेटवर रिंगच्या कॉप्या निघतात.

आधी जुनी लाईन बघू. एक्सचेंजमधून तारेवर कायम ४८ व्होल्टचा डीसी असायचा, आणि कॉल आला की त्यावर साधारण ७५ व्होल्टचा एसी सोडायचे, सेकंदाला २५ आवर्तनं. आपल्याकडची ती ट्रिंग-ट्रिंग... ट्रिंग-ट्रिंग म्हणजे ०.४ सेकंद चालू, ०.२ बंद, परत ०.४ चालू आणि मग २ सेकंद शांत. फोनमधल्या घंटीच्या आधी एक कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो आणि एसी जाऊ देतो, म्हणून एरवी घंटी गप्प असते आणि रिंग आली की वाजते. तीन फोन पॅरलल जोडले की तोच करंट तिघांत वाटला जातो. पाहुणे वाढले की आमटीत पाणी, तसं. कुणी एकाने रिसीव्हर उचलला की त्या फोनमधून डीसी वाहायला लागतो, एक्सचेंजला ते कळतं, ते रिंग बंद करतं आणि बाकीचे फोन आपोआप गप्प होतात, कारण वाजायला वीजच उरत नाही. त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आणि दुसऱ्या खोलीत कुणी हळूच उचलून ऐकलं तर तेही जमायचं, हे कुणी कबूल करत नाही पण सगळ्यांनी केलंय.

आता फायबरच्या डब्याकडे या. फायबर म्हणजे काच, त्यातून घंटी वाजवायची वीज येऊच शकत नाही. मग तो डबाच स्वतःच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून सगळं नाटक उभं करतो, डायलटोन, रिंगचे व्होल्ट, उचलल्याचं ओळखणं, सगळं. म्हणजे टीव्हीखाली एक चिमुकलं एक्सचेंजच आलं, फक्त त्याची ताकद मोजकी. ही ताकद मोजायला आरईएन नावाचं माप आहे: जुन्या घंटीवाल्या फोनचं ओझं साधारण १, आजच्या इलेक्ट्रॉनिक फोनचं त्याहून बरंच कमी, आणि असे डबे बहुतेक ३ ते ५ पर्यंत ओझं ओढतात, काही त्याहून कमी.

म्हणजे पहिला उपाय अगदी देशी आहे, घरात जुनं वायरिंग असेल तर डब्याच्या फोनच्या भोकातून एक वायर भिंतीवरच्या जुन्या रोझेटला, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडायच्या डबीला, द्यायची, की सगळ्या खोल्यांतले पॉइंट जिवंत होतात. पण त्याआधी, आणि हे विसरलात तर डबा जळू शकतो, खांबावरून येणारी बाहेरची जोडी रोझेटमधून सोडवून टाका. बाहेरून दुसऱ्या एक्सचेंजचे ४८ व्होल्ट आले किंवा पावसाळ्यात वीज कडाडली तर ते सरळ डब्यात जायला नको. आमच्याकडे हे केल्यावर दोन इलेक्ट्रॉनिक फोन मस्त वाजले आणि आजोबांचा काळा डायलवाला मात्र नुसता टुक-टुक करायला लागला. बाकीचे दोन काढले की तोच नीट खणखणायचा! आमटीत पाणी फार झालं होतं. शिवाय त्या फोनवरून नंबर फिरवता येईना, कारण डायल फिरवला की तो लाईन टकटक तोडतो-जोडतो आणि आजचे बरेचसे डबे फक्त बटणांचे टोन ओळखतात.

दुसरा उपाय, ज्याला मी सगळ्यांत जास्त मार्क देईन, म्हणजे एका बेसवर चार हँडसेटवाला कॉर्डलेस. डब्याला फक्त बेस जोडायचा, त्यामुळे ओझं एकाच फोनचं, आणि हँडसेट जिथे प्लग असेल तिथे चार्जरवर ठेवायचे. घंटी वाजवायची वीज हँडसेटच्या बॅटरीतून येते, बेस फक्त रेडिओवरून सगळ्यांना "वाजा" म्हणतो. डेक्ट या कॉर्डलेसच्या रेडिओ पद्धतीत १० मिलिसेकंदांच्या एका फेरीचे २४ तुकडे करतात, १२ बेसकडून हँडसेटकडे आणि १२ उलट, म्हणून गर्दी होत नाही. आपल्याकडचे आरसीसी स्लॅब रेडिओला नडतात पण, म्हणून बेस जिन्याजवळ ठेवा, टीव्हीच्या कपाटात कोंबू नका.

तिसरा प्रकार खरा इंटरनेटवाला. त्याची भाषा म्हणजे सिप, १९९९ मध्ये पहिल्यांदा प्रमाण झाली आणि आज चालते ती २००२ ची. यात तारेवर घंटीची वीज वगैरे काही नाही, सगळा चिठ्ठ्यांचा कारभार. प्रत्येक फोन, मग तो टेबलावरचा वायफाय फोन असो की मोबाईलमधलं अॅप, सर्व्हरला अधूनमधून सांगत राहतो की मी या पत्त्यावर आहे. कॉल आला की सर्व्हर आमंत्रणाच्या चार कॉप्या काढून चौघांना पाठवतो, प्रत्येक फोन "वाजतोय" असं उत्तर देतो, जो पहिल्यांदा "घेतला" म्हणतो त्याचा कॉल, आणि उरलेल्या तिघांना "रद्द" अशी वेगळी चिठ्ठी जाते. जुन्या लाईनवर जे वीज आपोआप करायची ते इथे निरोप पाठवून करावं लागतं. त्या रद्दच्या चिठ्ठीत "दुसरीकडे घेतला" असं कारण लिहिलेलं नसेल किंवा फोनला ते वाचता येत नसेल तर उरलेल्या तिन्हींवर मिस्ड कॉल दिसतो आणि संध्याकाळी तीन जण एकाच मावशीला फोन लावतात.

यातली अजून एक गंमत. लाल बटण दाबल्यावर काही फोन "मी इथे बिझी" असं सांगतात, त्याने बाकीचे वाजत राहतात, पण काही फोन सरळ ६०३ हा आकडा पाठवतात ज्याचा अर्थ "हा माणूस कुठेच फोन घेणार नाही", आणि प्रमाणाप्रमाणे चालणारा सर्व्हर मग सगळ्या घराची रिंग बंद करतो. एकाने कॉल कट केला की सगळेच गप्प होत असतील तर सेटिंगमध्ये हे आधी बघा. मोबाईलवरचं अॅप उशिरा वाजतं त्याचं कारण निराळं, बॅटरी वाचवायला फोन त्याला झोपवतो आणि सर्व्हरला आधी गुगलच्या किंवा अॅपलच्या पुश नोटिफिकेशनने त्याला उठवावं लागतं. रिंग येते पण एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो, असं झालं तर राऊटरमधलं सिप एएलजी नावाचं सेटिंग बंद करून बघा, मदतीला म्हणून ठेवलेलं ते बऱ्याचदा चिठ्ठ्यांवरचे पत्तेच बिघडवतं.

स्पीडची काळजी मात्र नको. आवाजाचे आकडे करायच्या साध्या जी.७११ पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, ते ६४ किलोबिट, आणि पाकिटांवरचे पत्ते धरून साधारण ८०. वाजले चार तरी बोलणं एकाचंच चालतं.

अडचण अशी की आपल्याकडचे फायबरवाले सहसा घरच्या नंबरचा सिप पासवर्ड हातात देत नाहीत, तो डब्यातच बंद असतो, फार तर त्यांचं स्वतःचं अॅप देतात. हौस असेल तर डब्याचं फोनचं भोक एका एफएक्सओ गेटवेला (साध्या फोनलाईनचं सिपमध्ये भाषांतर करणारी डबी) जोडून, रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर अॅस्टरिस्क हे फुकटचं एक्सचेंजचं सॉफ्टवेअर टाकून घरातल्या घरात रिंग ग्रुप, म्हणजे एकदम वाजणाऱ्या फोनांचा गट, करता येतो. मी केला, दोन रविवार गेले, बायकोने अजून माफ केलेलं नाही.

शेवटी घरी कॉर्डलेसच घेतला, एक हँडसेट आजीच्या उशाशी. पण लाईट गेली की डबा बंद, बेस बंद, मग सगळंच बंद, पूर्वी एक्सचेंजच्या बॅटऱ्यांवर लाईन चालायची म्हणून हे कधी जाणवलं नव्हतं. त्यावर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस डब्याला लावलाय, बेसची वायर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर नेलीय, आणि आजोबांचा काळा फोन, जो डब्यातूनच वीज घेतो, तो आता हॉलमध्ये नुसता घंटी म्हणून लावलाय, इलेक्ट्रॉनिक दोन्ही काढल्यामुळे एकदम दणदणीत वाजतो.