पान नेमकं कुठून सुरू होतं?

ठाण्यातल्या कितीतरी शाळांच्या कुंपणालगत सरळसोट हिरव्या झाडांची रांग दिसते. नाव विचारलं की मुलं ‘अशोक’ म्हणतात, पुष्कळदा शिक्षकही तेच सांगतात. तो असतो आसुपालव, म्हणजे खोटा अशोक, सीताफळाच्या कुळातला. खरा सीताअशोक चिंचेच्या नात्यातला. मुलांना हे तोंडी सांगू नये. दोन्हींच्या गळून पडलेल्या डहाळ्या त्यांच्या हातात द्याव्यात आणि पानाचा डोळा शोधायला लावावा.

पानाचा देठ फांदीला जिथे जोडलेला असतो, त्या बेचक्यात एक बारीक कळी असते. माळी तिला डोळा म्हणतात. आसुपालवाच्या प्रत्येक लांब, नागमोडी काठाच्या पानाशी तो सापडतो. सीताअशोकाच्या डहाळीवर मात्र जोडीजोडीने लागलेल्या ‘पानां’च्या बुडाशी काहीच नसतं; डोळा थेट सामाईक देठाच्या मुळाशी दिसतो. म्हणजे तो सगळा झुबका मिळून एकच पान, आणि आपण ज्यांना पानं समजत होतो त्या पर्णिका. चौथीतल्या मुलालाही हे भिंगाशिवाय दिसतं, आणि एकदा दिसलं की ते पुढची प्रत्येक डहाळी उलटीपालटी करून बघू लागतं.

1999 मध्ये जेम्स वाँडरसी आणि एलिझाबेथ शुस्लर या अमेरिकी अभ्यासकांनी ‘वनस्पती-अंधत्व’ ही कल्पना मांडली. समोरच्या दृश्यातला प्राणी आपल्याला चटकन दिसतो, झाडं मात्र नुसती हिरवी पार्श्वभूमी होऊन राहतात. झाडांवर नावाच्या पाट्या ठोकून यावर इलाज होत नाही, असं माझं ठाम मत आहे. फोटोवरून नाव सांगणारं ॲपही शेवटीच उघडावं. आधी हात लावून बघू द्यावं.

पावसाळा सरला की मुलांना ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात न्यावं. पळसाला पानं तीनच, हे त्यांनी ऐकलेलं असतं. डोळा शोधला की त्या तीन पर्णिका आणि पान एकच, हे त्यांचं त्यांनाच कळतं. पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात. मग ओळखायचं कसं? पळसाची पर्णिका जाड, चिवट, म्हणून तर तिच्या पत्रावळी होतात. पांगाऱ्याची मऊ, आणि त्याच्या फांद्यांवर काटे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तिच्यावरून तळहात फिरवायला लावावा. फाल्गुनात पुन्हा त्याच वाटेने जावं. तेव्हा पळस-पांगारा बहुतेक निष्पर्ण आणि लालकेशरी फुलांनी भरलेले असतात. ऐनाचीही पानं झडत आलेली असतात, पण सालीवरून मुलं त्याला बरोब्बर ओळखतात.

दुसरी सहल ठाणे खाडीची. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि तिथे जिकडेतिकडे तिवर हे खारफुटीचं झाड आहे. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून ती जवळून बघता येते. तिवराची मुळं खाऱ्या पाण्यातलं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. जे आत येतं त्यातलं बरंचसं पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात, आणि कोरड्या दिवशी पानावर त्याचे पांढरे कण दिसतात. चिखलात हवा फार कमी, म्हणून खास मुळं जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात.

एवढ्या भटकंतीनंतर एकाच झाडाशी वर्षभर मैत्री करावी. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातल्या शाळांची मुलं निवडलेल्या झाडाची पालवी, फुलं आणि फळं दर आठवड्याला नोंदवतात. ठाणे-नवी मुंबईच्या शाळांनी त्यासाठी बहावा घ्यावा. आसुपालव बाराही महिने हिरवा, त्याच्या वहीत फारसं काही घडत नाही. बहाव्याची पानं झडतात, एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबतात, आणि शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागत असल्याने नव्या फुलांशेजारी गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगाही लटकत असतात. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा फुलांचा भर ओसरून कोवळ्या हिरव्या शेंगा धरू लागलेल्या असतात. पहिली नोंद त्यांचीच करावी, लांबी मोजून.