फोनोग्राफचा कर्णा : निवड आणि आधार

कर्णा : फोनोग्राफच्या पडद्यातून निघणारा बारीक आवाज खोलीभर पोचवणारी, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला पसरट नळी. हिला भोंगाही म्हणतात. पण भोंगा म्हटले की सोलापूरकराला आधी गिरणी आठवते, म्हणून या नोंदीत कर्णा हाच शब्द ठेवला आहे.

फोनोग्राफ आणि ग्रामोफोन ही दोन वेगळी यंत्रे आहेत. टॉमस एडिसनच्या 1877 च्या शोधातून पुढे आलेला फोनोग्राफ मेणाची किंवा सेल्युलॉइडची नळकांडी वाजवतो. एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनला सपाट तबकडी लागते. आपल्याकडे नाट्यपदे घरोघरी पोचली ती तबकड्यांवरून, त्यामुळे जुन्या वाड्यांच्या माळ्यावर ग्रामोफोन निघतो, फोनोग्राफ क्वचितच. कर्ण्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. बाहेर कर्णा असलेल्या नंतरच्या ग्रामोफोनमध्ये तो मागच्या लोखंडी कंसावर स्थिर बसतो आणि फक्त सुई धरणारा हात फिरतो. फोनोग्राफमध्ये ध्वनिपेटी, म्हणजे सुई आणि पडदा धरणारी डबी, जिकडे जाते तिकडे कर्ण्यालाही जावे लागते. पुढची सगळी पंचाईत इथूनच सुरू होते.

एडिसनच्या यंत्रात दोन मिनिटांचे नळकांडे मिनिटाला 160 फेरे घेते आणि त्यावर इंचाला 100 रेघा असतात. म्हणजे पूर्ण गाणे वाजेपर्यंत ध्वनिपेटी 3.2 इंच, सुमारे 8 सेंमी, आडवी सरकते. 1908 पासून आलेल्या चार मिनिटांच्या नळकांड्यावर रेघा दुप्पट दाट, त्यामुळे अंतर तेवढेच. ध्वनिपेटीला सरकवणारा गाडा बारीक आट्यांच्या दांड्यावर चालतो. दांड्याचे आटे पकडण्यासाठी गाड्याला अर्धा कापलेला नट असतो आणि तो दांड्यावर नुसता टेकलेला असतो.

कर्ण्याचे वजन सुईवर येते, असा एक समज आहे. एडिसनच्या यंत्रात तसे होत नाही. तिथे सुईवरचा भार वेगळ्या, बिजागरीवर लोंबणाऱ्या वजनाचा असतो. कर्ण्याचे ओझे येते गाड्यावर. गाडा कलला की अर्धा नट आट्यांतून उचलला जातो आणि गायक तेच चार शब्द घोकत बसतो. चावीच्या स्प्रिंगलाही जादा घर्षण ओढावे लागते, त्यामुळे गाण्याच्या शेवटी सूर उतरू लागतो. माणसे मग यंत्र उघडून स्प्रिंग बदलतात. दोष मात्र टांगणीत, म्हणजे कर्णा ज्यावर टांगतात त्या आधारात, असतो.

एडिसनच्या छोट्या यंत्रांसोबत येणारा 14 इंच लांबीचा कर्णा हलका असतो, तो टांगणीशिवाय थेट ध्वनिपेटीवर बसतो. पाकळ्यांचा मोठा, फुलासारखा कर्णा घेतला तर क्रेन हवीच. म्हणजे यंत्राच्या पेटीला खालून अडकवलेला, पुढे येऊन वर वळलेला लोखंडी दांडा, आणि त्याच्या टोकाला साखळी. 1909 मध्ये हंसाच्या मानेसारखा वर वळणारा कर्णा आला. त्याचा दांडा मागच्या बाजूने येतो, त्यामुळे समोरची जागा मोकळी राहते. दहा बाय दहाच्या खोलीत ही सोय लहान नाही.

साखळीची लांबी बहुतेक जण नजरेने ठरवतात. हिशेब असा : टांगणी मध्यावर धरली तर कर्णा दोन्ही बाजूंना 4 सेंमीपर्यंत झुकतो. साखळी 15 सेंमी असेल आणि कर्णा अर्धा किलोचा असेल, तर टोकाला आडवी ओढ 130 ग्रॅमच्या आसपास जाते. साखळी 30 सेंमी केली की ती निम्म्यावर येते. सोलापुराकडच्या माळवदी घरांत यावर एक सोपा तोडगा आहे. क्रेन बाजूला ठेवायची आणि कर्णा सरळ तुळईला दोरीने टांगायचा. दीड मीटर दोरीवर ती ओढ 13 ग्रॅमच उरते. स्लॅबच्या घरात पाळण्यासाठी सोडलेला हूक हेच काम करतो. जुन्या वस्तूंच्या शौकिनांना हे रूप रुचत नाही, पण यंत्राला रुचते.

तोल पाहण्याची रीत : टांगलेल्या कर्ण्याचे निमुळते टोक रबरी नळीतून सोडवावे. ते होते तिथेच तरंगत राहिले तर ठीक. खाली गेले तर साखळीची कडी निमुळत्या टोकाकडे सरकवावी, वर उचलले गेले तर तोंडाकडे. ध्वनिपेटी आणि कर्णा जोडणारा हा रबराचा तुकडा जेमतेम दोन-अडीच सेंमीचा असतो. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात जुने रबर पापडासारखे कडक होते. मग टांगणी कितीही चोख असो, गाड्याला हिसका बसतोच. नळी मऊ हवी, पण फट नको. फटीतून आवाज गळतो.

आता आकार. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ ज्या स्वराच्या तरंगलांबीएवढा भरतो, त्याच्या खालचे स्वर तो नीट बाहेर टाकू शकत नाही. तोंड 18 सेंमी व्यासाचे असेल तर ही सीमा सुमारे 600 हर्ट्झवर येते, 50 सेंमीचे असेल तर 220 वर. मोठ्या कर्ण्यात आवाजाला अंग येते ते यामुळे. पण विजेच्या मायक्रोफोनपूर्वीच्या ध्वनिमुद्रणात 170 हर्ट्झच्या खाली मुळातच फार काही नाही, तेव्हा कर्णा वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. तबल्याच्या डग्ग्याचा घुमार त्यात कधी भरलाच नव्हता.

खरेदीला गेलेला माणूस कर्ण्याचे तोंड न्याहाळतो. पाहायला हवी मान. तिथे पोचा पडला असेल तर आवाजाची वाटच अरुंद होते. तोंडाकडचा पोचा फक्त दिसायला वाईट. अंगावर टिचकी मारून ऐकावे : ‘टण्ण’ असा लांबणारा नाद आला तर तो प्रत्येक गाण्यात मिसळणार, किरकिर आली तर सांधा सुटलेला आहे. सांध्याला डाख देऊन (झाळून) घेता येते. रंगवलेल्या कर्ण्याचा पोचा मात्र ठोकून काढला की रंगाचे पोपडे निघतात. बाजारात नवे, नक्षीदार, जाड पितळी कर्णे भरपूर मिळतात. ते बहुधा जुन्या यंत्रांच्या नकलांसाठी केलेले आणि फोनोग्राफच्या गाड्याला जड असतात. शोभेला ठीक.

आवाज कमी करण्याची कळ या यंत्राला नाही. कर्ण्याच्या तोंडात कापडाचा बोळा घालतात, आणि त्याला सोलापुरी टेरी टॉवेल उत्तम : तो आत फुगून धरतो, पत्र्याला ओरखडा पडत नाही. बोळा घातल्यावर तोल पुन्हा पाहावा, कारण टॉवेलाचे वजन सगळे तोंडाकडे येते. दोरीवर टांगलेला कर्णा पंख्याच्या वाऱ्यानेही डुलतो, म्हणून नळकांडे वाजेपर्यंत पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात त्यासाठी दोन मिनिटांचीच नळकांडी निवडावीत.