सीआरपीच्या मर्यादा कुठून आल्या?

सीआरपी म्हणजे शरीरात दाह (संसर्ग, इजा यांना शरीर देते ती प्रतिक्रिया) असला की रक्तात वाढणारे प्रथिन; एचएस-सीआरपी ही त्याची अगदी कमी पातळीही मोजणारी तपासणी. तिच्या रिपोर्टवर १ आणि ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादा छापलेल्या असतात. लठ्ठपणा आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती स्थिती) यांच्या चर्चेतही त्याच वापरल्या जातात. मुळात मात्र त्या या कामासाठी आखलेल्या नाहीत.

सीआरपी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. त्याच्याही आधी, १८७६ मध्ये, सॅलिसिलेट या ॲस्पिरिनच्या जातीच्या दाहशामक औषधाच्या मोठ्या मात्रेने मधुमेहींच्या लघवीतली साखर घटते अशी नोंद झाली होती. दाह आणि साखर यांची सांगड बसायला मात्र १९९३ उजाडले. त्या वर्षी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन जास्त तयार होताना दिसले, आणि ते निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनचा परिणाम सुधारला. माणसांवरच्या छोट्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. तरीही शोधाला दिशा मिळाली. चरबीतून इंटरल्युकिन-६ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन रक्तात येते आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी तयार करते, हे स्पष्ट झाले. २००१ मध्ये निरोगी स्त्रियांच्या पाहणीत ही दोन्ही प्रथिने ज्यांच्यात जास्त होती, त्यांना पुढे टाइप २ मधुमेह जास्त प्रमाणात झाला.

मग २००३ चा निर्णय आला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हृदयविकाराचा धोका ठरवण्यासाठी तीन गट पाडले: १ पेक्षा कमी, १ ते ३, आणि ३ पेक्षा जास्त. लोकसंख्येचे साधारण तीन समान भाग पडावेत, असे हे आकडे आहेत. ३ च्या पुढे शरीरात काही वेगळे सुरू होते असे नाही. सोबत आणखी एक नियम आला. आकडा १० च्या वर गेला तर तो बाजूला ठेवायचा, संसर्ग किंवा इजा शोधायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे. हृदयरोगाच्या दृष्टीने हे रास्त होते. पण लठ्ठपणा जास्त असलेल्या काहींमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, संसर्ग नसतानाही आकडा पुन्हापुन्हा १० च्या वर राहतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही तो चढतो. हा नियम लठ्ठपणाच्या अभ्यासात जसाच्या तसा उचलला की ज्यांच्यात दाह सर्वाधिक, त्यांचीच नोंद गळते. इतकी मोठी गोष्ट तेव्हा फारशी चर्चिली गेली नाही, हे मला आजही खटकते.

२००३ मध्येच लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज या संरक्षक पेशी गोळा होतात हे दिसले आणि दाहाचा उगम कुठे शोधायचा ते कळले.

पुढचा धक्का जनुकांच्या अभ्यासातून बसला. ज्या जनुकीय फरकांमुळे सीआरपी जन्मभर थोडे जास्त राहते, ते असणाऱ्यांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स वाढलेला आढळला नाही. उलट वजन वाढवणाऱ्या फरकांनी सीआरपी वाढते. म्हणजे ते खुणेचे प्रथिन आहे, कारण नव्हे. २०१७ मध्ये इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे आणखी एक प्रथिन रोखणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. औषधाने सीआरपी उतरले, हृदयविकाराच्या घटनाही घटल्या. नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही.