रोझलाइन नावाची अडचण

रोमिओचं ज्युलिएटवर खरंच प्रेम होतं, की ती नुसती रूपाची भुरळ होती? हा प्रश्न आजच्या वाचकांनी उकरून काढलेला नाही. शेक्सपिअरचं नाटक रंगमंचावर येण्याच्या तीसेक वर्षं आधीच तो छापून झाला होता, निकालासकट.

मूळ कथा इटलीतली. मासुच्चो सालेर्नितानोने १४७६ मध्ये ती सिएनात घडवली. पुढे १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तोने ती व्हेरोनात आणली आणि रोमिओ-ज्युलिएट ही नावं दिली. बांदेल्लो हा इटालियन कथाकार, मग एक फ्रेंच रूपांतर असं करत ती १५६२ मध्ये आर्थर ब्रूकच्या दीर्घकाव्यातून इंग्रजीत आली. प्रस्तावनेत ब्रूक दोघांना धारेवरच धरतो: वासनेच्या आहारी गेले, आईबापांचं ऐकलं नाही, म्हणून जिवाला मुकले. नवल हे की काव्य सुरू झालं की त्याच ब्रूकचा जीव या दोघांसाठी तुटतो.

शेक्सपिअरने हे काव्य समोर ठेवून नाटक लिहिलं. तो निकाल त्याने घेतला नाही, पण शंकेला धार मात्र लावली. ब्रूकची ज्युलिएट सोळा वर्षांची. याची अजून चौदाचीही नाही. ब्रूकच्या प्रेमिकांना लग्नानंतर चोरून भेटायला महिना-दोन महिने मिळतात. इथे रविवारी रात्री नजरानजर आणि सोमवारी लग्न. शिवाय रोमिओच्या आधीच्या प्रेमपात्राला ब्रूकने नावही दिलं नव्हतं. शेक्सपिअरने दिलं: रोझलाइन.

ही रोझलाइन रंगमंचावर एकदाही येत नाही, तरी सगळं तिच्यामुळे घडतं. ज्युलिएटच्या बापाच्या, कॅप्युलेटच्या, नोकराला वाचता येत नाही, म्हणून तो रस्त्यात भेटलेल्या रोमिओकडून पाहुण्यांची यादी वाचून घेतो. यादीत रोझलाइनचं नाव निघतं आणि रोमिओ मेजवानीला जातो तो तिला बघायला. तोवर तो ‘थंड आग’, ‘आजारी आरोग्य’ असल्या विरोधाभासांत कण्हत असतो. इटालियन कवी पेट्रार्क आणि त्याच्या कवितांमधली प्रेयसी लॉरा यांच्यापासून चालत आलेली ही विरहाची भाषा तेव्हाच्या प्रेक्षकाला चांगली परिचयाची होती. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ तर लॉराचं नाव घेऊनच रोमिओची टिंगल करतो. मग ज्युलिएट दिसते. तिचं नावही ठाऊक नसताना रोमिओ स्वतःला विचारतो, आजवर मी प्रेम केलं होतं तरी का? आणि आधीचं सगळं नाकारायला सांगतो ते स्वतःच्या डोळ्यांना.

प्रेम डोळ्यांवाटे आत शिरतं ही कल्पना जुनीच. बाराव्या शतकात प्रेमावर ग्रंथ लिहिणाऱ्या आंद्रेआस कापेलानुसने प्रेमाची व्याख्याच अशी केली होती: सौंदर्य पाहून आणि त्याचाच अतोनात ध्यास घेऊन जडणारी व्यथा. रोमिओ रोझलाइनला विसरून ज्युलिएटचं नाव घेतो, तेव्हा फ्रायर लॉरेन्स हा साधू त्याच धाग्याला धरून त्याला फटकारतो: तरुणांचं प्रेम हृदयात नसतं, डोळ्यांत असतं.

मला वाटतं, हा आरोप रोमिओला लागू पडतो, ज्युलिएटला नाही. ती गच्चीवरून त्याला चंद्राची शपथ घेऊ देत नाही, हे सगळं विजेसारखं फार अचानक झालं असं स्वतःच म्हणते, आणि लगेच विचारते: मनात लग्न असेल तर उद्या निरोप पाठव. भुरळ पडलेलं माणूस इतकं स्वच्छ बोलत नाही. तिच्या सहवासात रोमिओची भाषाही बदलते. पहिल्या भेटीतले त्यांचे संवाद मिळून चौदा ओळींचं एक अख्खं सुनीत होतं.

पुढच्या काळातल्या रंगभूमीला मात्र रोझलाइन पचली नाही. नायक एका रात्रीत बाई बदलतो हे अठराव्या शतकातल्या समीक्षकांना खटकलं. डेव्हिड गॅरिक या इंग्रज नटाने १७४८ च्या आपल्या प्रयोगात तिला ठेवलं होतं. दोन वर्षांनी तिला काढूनच टाकलं. रोमिओ पहिल्यापासून ज्युलिएटचाच झाला, आणि फ्रायरच्या फटकाऱ्याला काही कारणच उरलं नाही. ही आवृत्ती जवळजवळ शंभर वर्षं चालली. १८४५ मध्ये शार्लट कुशमन या अमेरिकन अभिनेत्रीने लंडनमध्ये स्वतः रोमिओ साकारला, बहिणीला ज्युलिएट केलं आणि शेक्सपिअरची संहिता परत आणली. तिच्याबरोबर रोझलाइनही यादीत परतली.