'साभार' लिहिलं की झालं? बातमी उचलण्याच्या भांडणाची जुनी गोष्ट

रावेर-यावलकडे केळीचा भाव हा सकाळच्या चहाबरोबरचा विषय. बऱ्हाणपूरला काल काय बोली लागली, व्यापारी किती कापताय, हे पेपरात आलं की कात्रणाचा फोटो ग्रुपवर, तिथून कुणाच्या तरी ब्लॉगवर, आणि खाली 'साभार' लिहून पेपरचं नाव. चाळीसगावचा आमचा एक मित्र असाच तालुक्याच्या बातम्यांचा ब्लॉग चालवतो, त्याला एका पेपरची वकिलामार्फत नोटीस आली तर मला फोन करून म्हणे, "अरे भो, मी तर नाव टाकलं ना त्यांचं!" त्याला खरंच वाटत होतं की नाव टाकलं म्हणजे परवानगी मिळाली.

आता गंमत अशी की ही समजूत त्याच्या डोक्यातून निघालेली नाही, ती पेपरवाल्यांचीच आहे आणि चांगली दोनशे वर्षं जुनी आहे. अमेरिकेत १७९० चा पहिला कॉपीराइट कायदा झाला त्यात पुस्तकं होती, नकाशे होते, पेपरचं नावच नव्हतं. उलट १७९२ च्या टपाल कायद्यात एका संपादकाने दुसऱ्याला पेपर पाठवला तर टपालखर्च माफ, कारण त्यातूनच तर बातम्या उचलायच्या होत्या! युरोपात १८८६ चा बर्न करार, म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, झाला त्यातही हेच, लेखावर 'छापू नये' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या पेपरने खुशाल छापावा, आणि रोजच्या बातमीला तर तशी मनाई करायचीही सोय नाही.

हे बिघडलं तारेमुळे. तार करायला पैसे लागायला लागले तशी बातमी विकायची वस्तू झाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने हर्स्ट या अमेरिकी पेपरमालकाच्या इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेला आपल्या तारा वापरायला बंदी केली, मग त्यांनी काय केलं तर न्यूयॉर्कला असोसिएटेड प्रेस या दुसऱ्या वृत्तसंस्थेच्या बातम्या फलकावर लागल्या की त्या वाचायच्या आणि पश्चिम किनाऱ्यावर तारेने पाठवायच्या, तिकडे अजून सकाळच उजाडलेली नसते. १९१८ मध्ये अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की घटनेवर कुणाची मालकी नाही हे खरं, पण धंद्यातल्या स्पर्धकाने दुसऱ्याच्या खर्चावर आयतं पीक कापून न्यायचं नाही.

इंटरनेट आल्यावर स्पर्धक राहिला बाजूला आणि नोटिसा थेट वाचकाच्या दारात. २००८ मध्ये असोसिएटेड प्रेसने एका साइटला सात पोस्ट काढायला लावल्या, त्यातले उतारे होते फक्त ३९ ते ७९ शब्दांचे. पण खरा तमाशा झाला तो २०१० मध्ये लास वेगासला. राइटहेवन नावाची कंपनी निघाली, पेपर काढायची नाही, बातमी लिहायची नाही, काम एकच, केस टाकायची. 'लास वेगास रिव्ह्यू-जर्नल'मधली बातमी कुणी चिकटवलेली दिसली की पेपरच्या मालक कंपनीकडून, स्टीफन्स मीडियाकडून, तेवढ्या बातमीचा कॉपीराइट आपल्या नावावर करून घ्यायचा, नोंदणी करायची, आणि बऱ्याचदा 'काढून टाका' एवढं सुद्धा न सांगता सरळ कोर्टात. मागणी दीड लाख डॉलरपर्यंत, वर साइटचं डोमेन नावही आमच्या ताब्यात द्या, जे कायद्यात कुठंच नाही. अशा जवळपास २७५ केसेस. माणूस घाबरून काही हजार डॉलर देऊन सुटायचा, आणि धंदा त्यावरच चालायचा.

मग काही लोक लढले. एका रिअल इस्टेटवाल्याने बातमीतल्या ३० पैकी ८ वाक्यं घेतली होती, ऑक्टोबर २०१० मध्ये जज म्हणाले हा फेअर यूज आहे, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर. आपल्याकडे ब्लॉगवाले सांगतात ना, "थोडं घेतलं तर चालतं", ते अशाच निकालांच्या ऐकीव गोष्टी. पण राइटहेवन मेली ती वेगळ्याच रोगाने. २०११ मध्ये त्यांचा पेपरशी झालेला मूळ करार उघड झाला, त्यात कळलं की केस करण्याचा हक्क सोडून बाकी सगळा माल स्टीफन्सकडेच आहे आणि वसुलीत निम्मा वाटा. म्हणजे शेत एकाचं, आणि बांधावर भांडायला भाड्याचा माणूस! जूनमध्ये कोर्टाने सांगितलं, तुम्हाला केस करायचा हक्कच नाही. हा वाटा लपवला म्हणून ५,००० डॉलर दंडही झाला. २०१३ मध्ये अपील कोर्टाने हक्काचा मुद्दा कायम ठेवला, पण त्याच निकालात, अख्खा लेख चिकटवणं फेअर यूज आहे हे खालच्या कोर्टाचं म्हणणं मात्र काढून टाकलं. ही शेवटची गोष्ट आमच्या मित्राला कुणीच सांगितली नव्हती.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याच्या कलम ५२ मध्ये त्या बर्न कराराचा वारसा अजून बसलेला आहे, चालू राजकीय-आर्थिक-सामाजिक-धार्मिक विषयावरचा लेख लेखकाने हक्क राखून ठेवला नसेल तर दुसऱ्या पेपर-मासिकाला छापता येतो, आता 'सर्व हक्क राखीव' कोण लिहीत नाही ते सांगा. केळीचा क्विंटलचा भाव तुम्ही तुमच्या शब्दांत कितीही वेळा लिहा, तो आकडा कुणाचा नाही. पण वार्ताहराने बागेत फिरून लिहिलेली बातमी जशीच्या तशी उचलली तर 'साभार' तुम्हाला वाचवत नाही. लॉकडाऊनमध्ये ई-पेपरच्या पीडीएफ गावोगाव फिरत होत्या तेव्हा दैनिक जागरणने टेलिग्राम अ‍ॅपविरुद्ध दिल्ली हायकोर्टात धाव घेतली आणि मे २०२० मध्ये तसे चॅनल बंद करायचा आदेश मिळवला.

आणि राइटहेवनचा तो प्रश्न, बातमी नेमकी कुणाची, तो आपल्याकडे तर जास्तच अवघड आहे. कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने पेपरसाठी लिहिलं तर पेपरात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी लिहिणाऱ्याचा, वेगळं ठरलेलं नसेल तर. अन तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा नोकर नसतोच, जाहिरातीच्या कमिशनवर राबतो, आणि हक्क द्यायचा तर कायद्याला सही केलेला कागद लागतो. मित्राला आलेल्या नोटिशीत ज्या बातमीचा उल्लेख होता, ती लिहिणारा त्याच्याच ग्रुपवर आहे. त्याला विचारलं असा काही कागद झालाय का, तर हसला नुसता.