आगोटीच्या (पावसाळा लागण्याच्या) आधी: सरपणासाठी लाकडी चौकटीची शेड

मुरबाड-शहापूरकडे शेतघर, येऊरला बंगला, नाहीतर घोडबंदर रस्त्याच्या आतल्या अंगाला मागे थोडी मोकळी जागा असलेलं घर. अशा ठिकाणांहून आम्हा शेड बांधणाऱ्यांकडे येणारी तक्रार एकाच प्रकारची असते. लाकडं ताडपत्रीखाली नीट झाकून ठेवली होती, तरी गणपतीत चूल पेटवायला गेलो तर नुसता धूर. भाकरी राहिली बाजूला, डोळे चोळत बसायची वेळ आली.

यात ताडपत्रीचा दोष नाही. ती वरचं पाणी अडवते, पण खालून जमिनीची ओल येतच राहते आणि लाकडातून निघालेली वाफ बाहेर पडायला वाट नसते. चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. सरपण सुकतं ते वाऱ्याने. म्हणून शेडकडून आमची पहिली अपेक्षा ही, की वारा आरपार जावा. छप्पर त्यानंतर. लोखंडी पत्र्याची चहूबाजूंनी बंद खोली मागणारे ग्राहक येतात, त्यांनाही आम्ही हेच सांगतो आणि तशी खोली बांधून देत नाही.

लाकूड किती सुकायला हवं?

नुकत्या तोडलेल्या लाकडात पाण्याचं वजन सुक्या लाकडाच्या निम्म्याहून जास्त असू शकतं. नीट जळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ओलं लाकूड जाळताना ही उष्णता पातेल्याखालून चोरली जाते आणि उरलेला जाळ थंड पडून धूर करतो.

आपल्याकडची अडचण अशी, की पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की छपराखालचं सुकं लाकूडही १८ ते २० टक्क्यांवर जाऊन थांबतं. म्हणजे जून ते सप्टेंबर लाकूड सुकत नाही, फार तर आहे तसं राहतं. सुकवण्याचं काम त्याआधीच व्हायला हवं. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो. फाल्गुन, चैत्र, वैशाख हे तीन महिने फोडलेल्या ढलप्यांना वारं लागलं पाहिजे. ओंडके न फोडता रचले तर साल आतली ओल धरून ठेवते. ढलपी चार इंचांपेक्षा जाड नको.

सुकलं की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुक्या टणटण वाजतात, ओल्या बद्द. टोकाला चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा दिसतात, साल हाताने सुटते. शंका असेल तर एका ढलपीवर खडूने खूण करा आणि दर आठवड्याला काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की समजा, हवेतून जेवढं सुकायचं तेवढं सुकलं.

चौकट कशी उभी राहते

आम्ही सर्वांत जास्त बांधतो ती दोन खणांची शेड: आठ फूट लांब, चार फूट खोल, पुढे तीन आणि मागे तीन खांब. पाच फूट उंचीपर्यंत रचलं तर १६० घनफूट, म्हणजे दीड ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडं जास्त सरपण बसतं. त्याचं वजन दोन टनांच्या आसपास भरतं, म्हणून शेडच्या तळाच्या चौकटीची लाकडं बारीक करा असं सुचवू नका. दोन खण ठेवण्यामागे कारण आहे. एकात यंदाचं सुकं, दुसऱ्यात पुढच्या वर्षाचं ओलं. एकच मोठा खण असला की नवी लाकडं जुन्यांच्या पुढ्यात पडतात आणि तळातली तशीच कुजतात.

सांधे आम्ही कुसू-भोकाचे करतो. तुळईच्या टोकाला कुसू काढायचा, खांबात त्याच मापाचं भोक पाडायचं, कुसू आत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. यातली बारकी खुबी खुंटीच्या भोकात आहे. कुसूमधलं भोक खांबाच्या भोकाच्या अगदी समोर पाडत नाहीत. सागासारख्या कठीण लाकडात ते कुसूच्या खांद्याच्या, म्हणजे तुळईकडच्या बाजूला अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकवतात. खुंटी ठोकली की ती वाट काढताना तुळईला खांबाकडे ओढून घेते, आणि सांध्यात कागदही शिरत नाही. खुंटी करवतीने कापलेली नको, रेषेबरहुकूम फोडलेली हवी आणि चौकटीच्या लाकडापेक्षा सुकी हवी. मग चौकट सुकत जाईल तसा सांधा आवळत जातो. खिळ्याचं याच्या उलट होतं. तो गंजतो, भोवतीचं लाकूड काळं पडून पोकळ होतं आणि पाच-सात पावसाळ्यांत चौकट डुगडुगायला लागते. पट्ट्या ठोकायला आम्हीही स्क्रू वापरतो, पण ते स्टेनलेस स्टीलचे.

खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरका टेकू आलाच पाहिजे. चार लाकडांचा चौकोन कितीही घट्ट केला तरी वाऱ्याने कलतो, त्रिकोण कलत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत गेलं तेव्हा आपल्या पट्ट्यात किती छपरं उडाली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. टेकू काढून पैसे वाचवा असं कुणी म्हणालं तर आम्ही ते काम घेत नाही.

खांबाचा पाय

शेडचं आयुष्य इथे ठरतं. खांब जमिनीत पुरू नका, काँक्रीटमध्ये तर मुळीच नको. काँक्रीटच्या भोवती पाणी साचून खांब नेमका जमिनीलगत कुजतो. जुन्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असायचा, तोच आम्ही वापरतो: जमिनीपासून किमान नऊ इंच वर आलेला दगड, वर किंचित उतार, मधोमध पोलादी खुंट. वादळात छप्पर वर उचललं जाऊ नये म्हणून खुंट खांबात बोल्टने अडकवलेला असतो. वाळवी मातीतूनच वर येते आणि उघड्यावर चालत नाही, मातीची नळी बांधत चढते. उघड्या दगडावर ती नळी लगेच दिसते. महिन्यातून एकदा खराट्याने झाडली तरी पुष्कळ झालं. खांबांना माती, पालापाचोळा किंवा कुंडी टेकवली की ही सगळी मेहनत फुकट जाते.

तळ जमिनीपासून फूटभर वर, पट्ट्यांमध्ये इंचभर फट. खालून वारा जातो, झाडू पोहोचतो आणि बॅटरी मारली की पलीकडचं दिसतं. हे शेवटचं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. घोणस आणि नाग लाकडांच्या ढिगात येऊन बसतात, कारण तिथे उंदीर असतात. संध्याकाळनंतर न पाहता ढिगात हात घालू नका, मुलांना लाकडं आणायला पाठवू नका.

छप्पर आणि झड

शेडची पाठ नैर्ऋत्येला किंवा पश्चिमेला, तोंड पूर्वेला. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे सगळी झड पाठीवर बसते. मागच्या बाजूच्या पट्ट्या खाली झुकत्या, एकीवर एक आलेल्या बसवतो. वारा आत येतो, पाणी बाहेर ओघळतं. इतर बाजूंना साध्या फटीच्या पट्ट्या पुरतात. वळचण चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढतो.

मंगलोरी कौलांना फुटामागे सात इंच उतार लागतो, म्हणून पुढचे खांब साडेआठ फूट आणि मागचे सहा फुटांच्या थोडे वर येतात. कौलांचं वजन चारशे किलोंच्या आसपास होतं, आणि वाऱ्यात हे वजन उपयोगीच पडतं. जिथे माकडांचा वावर आहे, येऊरला तो आहेच, तिथे मात्र आम्ही रंगीत पत्राच सुचवतो. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की या एवढ्याशा छपरावरून सुमारे ८९० लिटर पाणी उतरतं. मागे पन्हळ किंवा दगडी नाली नसेल तर ते तळखड्याशीच खड्डा करतं.

लाकूड कोणतं

चौकटीला आमची पहिली पसंती जुन्या वाड्या-चाळींतून निघालेल्या सागाला. ते मुरलेलं असतं, पिळत नाही. नाहीतर किंजळ किंवा ऐन, दोन्ही कोकणातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. सालीलगतचं पांढरट लाकूड साग असला तरी किड्याला टिकत नाही, ते आम्ही तासून टाकतो. निलगिरीची बल्ली स्वस्त पडते, पण सुकताना चिरते आणि पिळते. ती घेऊ नका असं आमचं स्पष्ट मत आहे. तांबे-क्रोमियम-आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं हिरवट लाकूडही आम्ही सरपणाच्या शेडला वापरत नाही. कधीतरी तुटकी पट्टी चुलीत जाणारच, आणि तिच्या धुरात व राखेत आर्सेनिक असतं.

दोन खणांच्या शेडला कौलांच्या रिपांसकट बावीस-तेवीस घनफूट लाकूड लागतं. लाकूड आणि मजुरी यांचे दर आम्ही वेगवेगळे लिहून देतो. लाकूड तुम्ही स्वतः आणलं तरी चालेल, फक्त खरेदीची पावती आणि लागू असेल तिथे वनखात्याचा वाहतूक परवाना हवा.

परवानगीबद्दल थोडं

ठाणे महापालिका हद्दीत अंगणातलं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड स्वतःच्या जागेत असलं तरी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काटकीही आणता येत नाही. उद्यानाभोवती २०१६ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा येऊरकरांनी शेडचं काम ठरवण्याआधी चौकशी करावी. कागद काढायला आम्ही मदत करतो.

शेड घराच्या भिंतीपासून किमान दहा फूट लांब हवी, विजेच्या तारेखाली नको. घरातल्या लाकडी सामानाला भुंगेरा लागतो तो पुष्कळदा सरपणातूनच येतो.

दरवर्षी काय करायचं

आगोटीच्या आधी चौकटीला अळशीच्या तेलाचा हात द्या. कापलेल्या टोकांना दोनदा, पाणी तिथूनच शिरतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून शेडमध्ये टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उन्हात सुट्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. खुंटी वर आलेली दिसली तर लाकडी हातोडीने ठोका. कौल सरकलं असेल तर त्याच दिवशी बसवा.

काम दसऱ्यानंतर सुरू करतो, म्हणजे होळीपर्यंत शेड उभी राहते आणि उन्हाळाभर सरपण सुकतं. पावसाळ्यात नवी शेड उभारत नाही. भर पावसात जागा पाहायला मात्र आवर्जून येतो, कारण पाणी कुठे साचतं आणि झड नेमकी कुठून मारते हे जुलैतच दिसतं. त्या भेटीचे पैसे घेत नाही.